सतरा नंबरचा कोट

चहा आधी संपवा, मग सांगतो. गरम चहा हातात असताना हसलात तर कपड्यांवर सांडेल, आणि कपडे या विषयावर मी आता फारसं बोलत नाही. थकलो हो. खोपोलीपासून कर्जतपर्यंत कुठंही जा, कोणी ना कोणी ओळखीचा भेटतो, खांद्यावर हात ठेवतो आणि विचारतो, "काय, सध्या कोट कोणाचा?" पहिली दोन वर्षं मी रागवायचो. आता नुसती मान हलवतो आणि पुढं चालायला लागतो.

तुम्ही विचारलंच आहे तर माझ्या तोंडूनच ऐका. बाहेर जो किस्सा फिरतो त्यात मला कंपनीच्या गेटवर मारलं, असं आहे. मारलं नाही. मारलं असतं तर परवडलं असतं, दोन दिवसांत लोक विसरले असते.

मला नाद जुन्या कोटांचा. घालायचे कोट नव्हेत, गणवेशाचे. पलटणीतले, पोलिसांचे, रेल्वेच्या गार्डाचे, टपालवाल्यांचे. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. त्यांच्या बायका सुखी असतात, कारण नाणी डब्यात मावतात. कोट मावत नाही. खोपोलीला चाळीत आमच्या दोन खोल्या, त्यात माणसं दोन आणि कोट सोळा. दोरीवर ओळीनं टांगलेले. नवा पाहुणा दारातूनच मागं वळायचा, त्याला वाटायचं आत मीटिंग चाललीय.

दिवसा मी खालापूरला कचेरीत कारकून. संध्याकाळी कोटांचा जाणकार. हे 'जाणकार' मीच ठरवलेलं, पण लोकांनीही मान्य केलं होतं, कारण दुसरा कोणी त्या धंद्यात नव्हता. कोटाचं वय काढायचं म्हणजे आधी बटण बघायचं. बटणावर राजाचा मुकुट असला तर कोट स्वातंत्र्याच्या आधीचा, सिंह असले तर नंतरचा. मग काजं हातानं केलीत की मशीनवर, अस्तर कसलं आहे, कॉलरच्या आत नंबर आहे का. भिंग लावायचं, टेपनं मोजायचं, वहीत लिहायचं.

आणि मी पडलो कारकून. नुसतं वहीत लिहून माझं भागायचं नाही. कोट ज्याच्याकडून घेतला त्याचं नाव, गाव, तारीख, कोटाचं वर्णन आणि खाली त्याची सही, असा रीतसर कागद मी करायचो. कार्बन घालून. एक प्रत त्याला, एक मला, दोन्हींवर माझ्या नावापत्त्याचा रबरी शिक्का. उद्या कोणी म्हणालं की हा कोट चोरीचा आहे, तर? माणसानं कागदानं पक्कं असावं. सगळा घोळ त्या कागदानंच केला.

पौषातला रविवार होता, साल अठ्ठ्याहत्तर. पनवेलहून खोपोलीला परत येत होतो, लोधिवलीपाशी एसटी पंक्चर झाली. कंडक्टर म्हणाला, अर्धा तास. कंडक्टरचा अर्धा तास किती मोठा असतो ते तुम्हाला माहीत आहे. घसा कोरडा पडला होता म्हणून पाणी मागायला गावात शिरलो. वस्तीच्या कडेला एक घर, सारवलेलं अंगण, दारावर पंचरंगी झेंडा, सगळं नीटनेटकं. आणि अंगणात दोरीवर, उन्हात घातलेला, कोट.

खाकी. जाड लोकरीचा. गुडघ्याखाली येईल एवढा लांब. पितळी बटणांच्या सात जागा, त्यांतलं एक बटण गेलेलं. उरलेल्या सहांवर मुकुट.

मी पाणी विसरलो.

अंगणात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. यमुनाआजी तिचं नाव, पण ते नंतर कळलं. त्या वेळी मी नाव विचारलं नाही, नमस्कार केला नाही, मी कोण कुठला तेही सांगितलं नाही. सरळ कोटापाशी गेलो, खिशातून भिंग काढलं आणि बटण बघायला लागलो.

"कोन पायजे?" म्हातारीनं विचारलं.

"कोट कोणाचा?"

ती सूप बाजूला ठेवून उभी राहिली. "पोराचा. का वो?"

"आत्ता पोराचा. आधी? घरात कोणी पलटणीत होतं का?"

"होता की, ह्याचा बाप. लढाईत जाऊन आला. त्याला वारून धा वर्सं जाली."

झालं. माझं डोकं तिथंच बंद पडलं. बाप लढाईत, मुकुट बटणावर, कोट दोरीवर. आणखी पुरावा काय हवा? बाही बघितली, तर तिच्यावर जळाल्याचं भोक. बंदुकीच्या दारूचं, दुसरं कशाचं असणार? कॉलर उलटली, आत काळ्या शाईत नंबर, सतरा. तुकडीचा. मी एकेक लिहून घेत होतो आणि म्हातारी माझ्या पेन्सिलीकडं बघत होती.

"हे बटण कुठं गेलं?" मी विचारलं. माझा आवाज कचेरीतला होता. मला तसा आवाज आहे हे मला माहीतही नव्हतं. बायको म्हणते, चोवीस तास तोच असतो.

म्हातारीचं तोंड उतरलं. "पडलं असंल हितंच कुठं. शोधते मी."

"कधी पडलं?"

"काल तर होतं बगा. म्या झटकला तवा पडलं असंल."

मी वहीत लिहिलं, एक बटण कमी. टेप काढून लांबी मोजली, छाती मोजली, बाही मोजली. मग म्हणालो, "हा कोट मी घेऊन जातो," आणि पाकीट काढलं. आता माणूस पाकीट काढतो तेव्हा तो विकत मागतोय हे समोरच्याला कळतं की नाही? मला वाटलं कळलं. पण तिनं दोन्ही हात जोडले.

"पैशाचं काय नको साहेब. तुमी न्या. आमचं काय बोलनं नाय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, नवऱ्याची आठवण. मीही गहिवरलो. केवढं हे मन, म्हटलं, आयुष्यभर जपलेली वस्तू जाणकाराच्या हाती देतेय आणि वर पैसेही घेत नाही. लगेच कार्बन घातला, घाईत नाव-गाव विचारायचं राहिलंच. 'खाकी लोकरी कोट एक. बटणे सहा, एक कमी. बाहीस भोक. जमा.' खाली तारीख, शिक्का, तिचा अंगठा. एक प्रत तिच्या हातात दिली, कोट खांद्यावर टाकला आणि एसटी सुटायच्या आत जागेवर येऊन बसलो. त्या दिवशी मी इतका खुशीत होतो की शेजारच्या प्रवाशाला कोटाचं एकेक बटण दाखवत बसलो.

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही उगाच माझ्या बाजूचे व्हाल.

यमुनाआजीचा मुलगा दौलत, रसायनीला एका कारखान्यात वॉचमन. टेंपररी. दोनशे चाळीस दिवस भरले की पर्मनंट व्हायचा, आणि त्यातले जेमतेम पंधरा राहिले होते. पर्मनंट म्हणजे काय हे आपल्या भागात सांगावं लागत नाही. मुलीचा बाप आधी ते विचारतो, मुलाचं नाव मागून. तो कोट होता कंपनीचा, सुट्टीला ऊन द्यायला घरी आणलेला. आणि आपल्याकडं वॉचमनला, शिपायाला कामावरून काढायची रीत कोणती? 'तुला काढला' असं कोणी तोंडावर म्हणत नाही. 'कोट-पट्टा जमा कर' म्हणतात. कोट गेला की नोकरी गेली, याला दुसरा अर्थ नसतो.

दौलतची त्या दिवशी सुट्टी होती, तो चौकला बाजाराला गेला होता. परत आला तर आई कागद हातात घेऊन उंबऱ्यात बसलेली. सातवी शिकलेला, त्यानं कागद वाचला. बटण कमी, बाहीला भोक, शिक्का, आणि ठसठशीत अक्षरात 'जमा'. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. जाणार कुठल्या तोंडानं? आणि कंपनीचा नियम असा, की न सांगता सलग आठ दिवस गैरहजर राहिलं की नाव कमी. म्हणजे बघा, कंपनीनं त्याला काढलंच नव्हतं. पण काढलंय असं समजून तो घरी बसला, आणि घरी बसला म्हणून खरोखरच निघण्याच्या वाटेला लागला. हे सगळं मी केलं, एका पंक्चरमध्ये.

आणि मी काय करत होतो? कोटाच्या खिशात डांबराच्या गोळ्या घालत होतो.

"सतरावा का?" बायकोनं विचारलं.

"अगं, आतला नंबरही सतराच आहे. योग बघ."

तिनं दोरीवर सतराव्यासाठी जागा केली. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती बोलायची.

दोन संध्याकाळी खर्चून मी कोटाचं वय काढलं. पुठ्ठ्याची चिठ्ठी कापली, सुबक अक्षरात लिहिलं, 'इ. स. १९४२. उत्तर आफ्रिका,' आणि कॉलरला टाचून टाकली. आफ्रिका कुठून आली म्हणाल, तर खिशाच्या शिवणीत वाळू सापडली होती. वाळवंटाशिवाय वाळू कुठं असते, हा प्रश्न मला पडला नाही. नदीकाठच्या तालुक्यात जन्म गेला माझा.

गुरुवारी कचेरीतून घरी आलो तर दारात एक तिशीचा माणूस उभा. अंगानं सडपातळ, शर्ट स्वच्छ, हातात माझा कागद. शिक्क्यावरच्या पत्त्यावरून शोधत आला होता.

"साहेब, लोधिवलीचा दौलत मी. कोट तुमीच आनलात ना?"

"हो हो, या."

त्यानं रुमालाची गाठ सोडली. "बटन सापडलं."

सातवं बटण, मुकुटासकट. मला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. जमवणारा माणूस असतो ना, त्याला पूर्ण वस्तूपेक्षा अपुरी वस्तू पूर्ण झाल्याचा आनंद मोठा असतो. "शाब्बास," मी म्हणालो. "कुठं होतं?"

"आईनं शोधून काढलं."

"फार चांगलं काम केलं." लगेच वही काढली, कार्बन घातला, 'पितळी बटण एक, जमा,' शिक्का मारला आणि प्रत त्याच्या हातात दिली. तो कागदाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिला.

"मंग साहेब, आता काय अडचन नाय ना?"

"कसली अडचण? आता सगळं पूर्ण झालं."

"मंग मी येऊ उद्यापासनं?"

मला वाटलं, बापाचा कोट आहे, बघावासा वाटत असणार. कोणाला वाटणार नाही? "ये की," म्हटलं, "रोज ये."

"हितंच येऊ, का तिकडं?"

"तिकडं कशाला? कोट इथंय, तू इथंच ये."

त्याचा चेहरा असा उजळला की मला माझ्या स्वभावाचं कौतुक वाटलं. "बरं साहेब," तो म्हणाला. "आठ वाजता हजर होतो." आठ म्हणजे जरा लवकरच, असं मनात आलं, पण भावनेपुढं घड्याळ काय काढायचं.

शुक्रवारी सकाळी मी कचेरीला निघालो तर हा दारात उभा. हातात काठी, पाय जुळवलेले. मला बघितलं आणि त्यानं खाडकन सलाम ठोकला.

अठरा वर्षं कचेरीत काढली होती, मला कोणी सलाम केला नव्हता. मी लोकांना करत आलो. आवडला मला, खोटं कशाला सांगू? शनिवारी मी डबा विसरल्याचं निमित्त करून एकदा परत आलो आणि पुन्हा बाहेर पडलो.

"तो दारात कोण उभा असतो?" बायकोनं शनिवारी विचारलं.

"आपल्या नादातला आहे. कोटावर फार श्रद्धा आहे त्याची."

"मग आत येऊन बसू दे की."

"बस म्हटलं तर बसत नाही."

तिनं उसासा टाकला. कोटाच्या पायी आमच्याकडं कसली कसली माणसं यायची, तिनं विचारायचं सोडून दिलं होतं. ती त्याला चहा द्यायची, दुपारी भाकरी द्यायची. तो नळावरून पाणी भरून आणायचा. दुपारचे फेरीवाले आमच्या जिन्यावर यायचे बंद झाले. तिला दुपारी जरा झोप मिळायला लागली, त्यामुळं तिनंही फार चौकशी केली नाही. तेवढा दोष तिचा आहे, पण हे मी तिच्यासमोर म्हणत नाही.

रविवारी कर्जतहून तिचा भाऊ आला. वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. मी आत कोट झटकत होतो, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"कुठं चाललात?" दौलतनं काठी आडवी धरली होती.

"कुठं म्हणजे? बहिणीकडं."

"पास हाय?"

"कसला पास?"

"पिशवीत काय हाय?"

"वालाच्या शेंगा. अरे, तू कोण विचारणारा?"

"पिशवी खाली ठेवा. साहेबांना इचारल्याबिगर आत सोडता येत नाय."

माझा मेहुणा आवाजाचा मोठा. बायको बाहेर धावली. सोळा कोटांनी जे झालं नव्हतं ते तिच्या भावाला दारात अडवल्यानं झालं. ती जागी झाली.

"तुम्हाला इथं उभं राहायला कोणी सांगितलं?" तिनं दौलतला विचारलं.

"साहेबांनी. बंगल्यावर डूटी लावली माजी."

"कुठल्या बंगल्यावर?"

त्यानं आमच्या दोन खोल्यांकडं हात केला.

"आणि पगार कोण देतं?"

"कंपनी."

"कुठली कंपनी?"

"साहेबांची," दौलत म्हणाला. "रसायनीची."

बायको वळली आणि तिनं खिडकीतून माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात ब्रश होता, तो मी खाली ठेवला.

त्याला आत बोलावलं. खुर्चीवर बसेना, उंबऱ्याजवळ टेकला. पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. कोट गेला म्हणून त्याच्या आईनं तीन दिवस अंगणातली माती चाळणीनं चाळली. अंगण झालं, मग बाहेरचा रस्ता, मग उकिरडा. 'माझ्या हातनं बटन पडलं, माझ्या हातनं पोराची नोकरी गेली,' एवढंच म्हणत होती. कोट परत पोराच्या अंगावर येईपर्यंत धड जेवायचं नाही, असं ठरवून बसली होती. मी पाकीट काढलं तेव्हा तिला वाटलं, कंपनी हिशेब करून मोकळी होतेय. पैसे घेतले तर नोकरी सुटल्याचं कबूल केल्यासारखं होईल, म्हणून तिनं हात जोडले होते.

मी त्याला सांगितलं. मी साहेब नाही, कचेरीत कारकून आहे. कोटांचा नाद आहे मला, बस. तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"अरे पण," मीच म्हणालो, "कंपनीचा साहेब चाळीत राहतो का? तुला शंका नाही आली?"

"आली ना. मंग वाटलं, साहेब असून चाळीत ऱ्हातो, म्हंजे खात नसंल. बरा मानूस असंल."

त्या दुपारी मी नुसता भात चिवडत बसलो. मेहुणा जेवला.

बायकोनं ताट सारलं आणि दौलतला विचारलं, "कामावर जाऊन किती दिवस झाले?"

त्यानं बोटं मोजली. "आजचा सातवा."

म्हणजे उद्या आठवा.

सोमवारी पहिल्या एसटीनं निघालो. मी म्हटलं, मी एकटा जाऊन मिटवतो. बायको पदर खोचून तयारच होती. "तुम्ही एकटे गेलात तर येताना आणखी दोन कोट घेऊन याल," ती म्हणाली. मी तिचंही तिकीट काढलं.

कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी ऑफिसर म्हणून एक रिटायर सुभेदार होते. साताऱ्याकडचे, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. दौलतला बघताच म्हणाले, "कुठं होतास रं आठवडाभर? मी तुझं नाव वाचवायला निमित्त शोधतुया, आन तू गायब."

दौलत खाली मान घालून उभा राहिला. मी कोट टेबलावर ठेवला. पुठ्ठ्याची चिठ्ठी काढायची राहिली होती. सुभेदारांनी ती वाचली. मग चष्मा लावून पुन्हा वाचली.

"उत्तर आफ्रिका?"

"बटणांवर मुकुट आहे, त्यावरून—"

"बटणं मुंबईच्या जुन्या बाजारातनं किलोवर आणली. मुकुट हायती, सिंह हायती, एका कोटावर तर जहाज बी हाय."

"पण कोट?"

"पनवेलला शिवला. चार वर्सं झाली. चाळीस नग, मी उभा ऱ्हाऊन मापं दिली."

"बाहीवर बंदुकीच्या दारूचं भोक आहे."

"ॲसिड."

मी तिथं थांबायला हवं होतं. पण नाद वाईट. "खिशातली वाळू?"

"पाताळगंगा नदीची. गेटवर बांधकाम चाललंय, बघा की."

"आणि आतला सतरा नंबर? तुकडीचा ना?"

"सतरा नंबरची खुंटी," सुभेदार म्हणाले. "ड्यूटी संपली की कोट तिथं टांगायचा."

छत्तीस वर्षांचा कोट पाच मिनिटांत चार वर्षांचा झाला. बायको खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

"कोटाचं झालं," सुभेदार म्हणाले. "ह्या पोराचं काय? हजेरी बंद व्हायला अर्धा तास ऱ्हायलाय. आज आत घ्यायचा तर सात दिसांचं कारण लेखी वर पाठवाय लागतंय. काय लिहू?"

"आजारी लिवा," दौलत हळूच म्हणाला.

"डाक्टरचा कागद हाय?"

नव्हता.

"खरं ते लिहा," मी म्हणालो. "माझ्यामुळं झालंय. मी कोट नेला."

सुभेदारांनी खणातून छापील फॉर्म काढला, बोट फिरवत वाचला. "भाइरच्या माणसामुळं घोळ झाला तर हितं तीनच प्रकार दिल्यात. चोर, तोतया, न्हाईतर वेडसर इसम. चोर लिहिला की पोलीस आलं. तोतया लिहिला की पोलीस आलं, शिवाय तुमच्या कचेरीला पत्र. वेडसर लिहिला तर हितल्या हितं मिटतंय."

"'हौशी संग्राहक' असं लिहिता येणार नाही?"

"रकाना न्हाई."

"मग 'छांदिष्ट' तरी?"

सुभेदारांनी माझ्याकडं न बघता बायकोकडं बघितलं.

"वेडसर लिहा," ती म्हणाली.

तेवढ्यात दौलत पुढं झाला. "नको साहेब, ऱ्हाऊ द्या. चांगल्या मानसाचं नाव कशाला खराब? माजं मी बगतो कायतरी."

खरं सांगतो, तोपर्यंत मी मनातल्या मनात 'छांदिष्ट'साठी भांडत होतो. ज्याची नोकरी माझ्यामुळं अर्ध्या तासावर आली होती तो माझ्या नावाची काळजी करत होता, आणि त्याची आई तिकडं आठ दिवस अर्धपोटी. मला माझीच लाज वाटली. "लिहा," मी म्हणालो.

सुभेदारांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. 'एका वेडसर इसमाने कामगाराच्या घरून कोट नेला व सदर कामगारास तीन दिवस आपल्या दारात पहाऱ्यास उभे केले. सबब कामगाराचा दोष नाही.' खाली जागा होती, 'सदर इसमाची सही'. मी केली. अक्षरही बिघडलं नाही, अठरा वर्षांची सवय.

"आता साक्षीदार," सुभेदार म्हणाले. "इसमाला पुरता वळखणारा पायजे."

माझी बायको रेशनच्या फॉर्मवर सही करायची तर आधी सगळा फॉर्म दोनदा वाचते. त्या दिवशी तिनं पेन मागून घेतलं आणि न वाचता सही केली. नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहिलं. सुभेदारांनी ते बघितलं आणि म्हणाले, "मग काय अडचण न्हाई. पुरावा भक्कम हाय."

दौलतची हजेरी लागली. त्यानं कोट अंगात घातला, सातही बटणं लावली. बटण मात्र मी पक्कं शिवलं होतं, तेवढं श्रेय मला द्या. डांबरगोळ्यांच्या वासानं गेटवरचे दोघे बाजूला सरकले.

परत येताना बायकोनं मला लोधिवलीला उतरवलं. यमुनाआजीला तिनंच सगळं सांगितलं, मी अंगणात उभा होतो. म्हातारी भिंतीला टेकून खाली बसली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आवं, कोन तुमी, कुठलं तुमी, कायच नाय बोल्लात. एकदम बटनं मोजाया लागलात. असं कंपनीवालेच येतात." मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, जेवून जा. तिचंही पोटभर जेवण त्याच दिवशी झालं.

दौलत पर्मनंट झाला. लग्न झालं, दोन मुलं आहेत. कधी स्टँडवर भेटला की सलाम करतो, आणि मला तो आता आवडत नाही.

कोट मी टाकून दिले म्हणतात ते खोटं आहे. सोळा आहेत अजून, फक्त चिठ्ठ्या काढून टाकल्यात. कुठल्या कोटाचं साल काय, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. खात्रीचा कागद एकाचाही नाही. सगळ्या घरात पक्का, तारखेचा, शिक्क्याचा, साक्षीदाराच्या सहीचा कागद एकच आहे, सुभेदारांनी दिलेली ती कार्बनची प्रत. आणि मी वेडसर आहे, एवढंच त्यात सिद्ध होतं.